दोन फुटी प्लँटेड टँक, बोअरचं पाणी आणि ४ वर अडकलेला अमोनिया

मांजराकाठ (लातूर)
नमस्कार मंडळी. दोन बाय एक बाय एक फुटाचा टँक लावलाय. खाली ॲक्वासॉइल (टँकच्या झाडांसाठीची विकतची माती), झाडांत वालिसनेरिया, हायग्रोफिला, थोडे क्रिप्ट आणि लाकडाला बांधलेला अनुबियास. एक स्पंज फिल्टर, एक छोटा हँगऑन (काचेला टांगायचा फिल्टर). मासे अजून एकही नाही. पाणी बोअरचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ९०० च्या आसपास.

आजचे आकडे (पीपीएम, म्हणजे लिटरमागं मिलिग्रॅममध्ये): अमोनिया ४, नायट्राइट ०.२५, नायट्रेट ४०, पीएच ८.२, पाण्याचं तापमान ३१. अमोनिया बरेच दिवस चारच्या खाली यायचं नाव घेत नाही. क्रिप्टची पानं विरघळायलीत. दुकानदार म्हणतो, "नायट्रेट आलं ना, मग सायकल झाली, टाका मासे." (सायकल म्हणजे फिल्टरमधल्या जिवाणूंनी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणं.) माझा काही विश्वास बसेना. काय करू?

गप्पी_गँग (छ. संभाजीनगर)
मासे अजिबात टाकू नका. रोज ५०% पाणी बदला, आठवडाभरात अमोनिया खाली येईल. नव्या ॲक्वासॉइलमधून सुरुवातीला अमोनिया सुटतोच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मांजराकाठ (लातूर)
रोज ५०%? भाऊ, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं शहर आहे आमचं. उन्हाळ्यात बोअर अर्धा तास चालतो आणि दम टाकतो. टँकसाठी रोज दोन बादल्या ओतल्या तर घरचे मलाच टँकमध्ये टाकतील. परदेशी व्हिडिओत सगळे पाइप लावून पाणी सोडतात, ते बघायला बरं वाटतं.

विष्णुपुरी (नांदेड)
आधी एक काम करा. टँकचं राहू द्या, थेट बोअरच्या नळाचं पाणी टेस्ट करा. नायट्रेट किती येतं ते सांगा.

मांजराकाठ (लातूर)
केलं. नळाच्या पाण्यातच ४० यायलंय! म्हणजे टँकमधलं ४० सायकलचं नाहीच?

विष्णुपुरी (नांदेड)
नाहीच. आपल्याकडं शेतातला युरिया, गोठे, शोषखड्डे, सगळं झिरपत बोअरपर्यंत जातं. पिण्याच्या पाण्याची आपल्या मानकातली मर्यादाच ४५ मिलिग्रॅम आहे आणि कितीतरी बोअर तिच्या आसपास किंवा वर असतात. त्यामुळं "नायट्रेट दिसलं की सायकल झाली" हा नियम बोअरच्या पाण्याला लावायचाच नाही. नळापेक्षा टँकमध्ये किती वाढलं ते बघायचं. आणि नायट्रेटच्या किटमधली दुसरी बाटली जीव तोडून हलवायची, खाली बसलेलं औषध सुटलं नाही तर आकडा खोटाच येतो.

रसायन_आणि_रस्सा (परभणी)
धागा वाचला. मांजराकाठ, तुमच्या पाच आकड्यांत सगळ्यात महत्त्वाचा अमोनियाचा नाही, पीएचचा आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हा घोळ आपल्याकडं घरोघरी आहे.

आपलं किट मोजतं तो एकूण अमोनिया. पाण्यात त्याची दोन रूपं असतात: अमोनियम आयन आणि मुक्त अमोनिया. कल्ले जाळतो तो मुक्त अमोनिया. अमोनियम त्या मानानं गरीब आहे आणि झाडं ते आवडीनं घेतात. कुठलं रूप किती, हे ठरवतात पीएच आणि तापमान. पीएच ७, पाणी २५ अंश असेल तर एकूणातला जेमतेम ०.५७% मुक्त असतो. पीएच ८.२ आणि ३० अंशांना तोच ११ टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे पुण्यातल्या एखाद्या मऊ पाण्याच्या टँकमध्ये किट १ दाखवतं आणि तुमच्या टँकमध्येही १ दाखवतं, तेव्हा तुमच्याकडं विष वीसपट असतं. रंग तोच, नळी तीच.

तुमचा हिशेब: ४ पीपीएम, पीएच ८.२, ३१ अंश. मुक्त भाग १२% धरा, म्हणजे सुमारे ०.४८. माशांसाठी ०.०२ च्या वर काळजी आणि ०.०५ च्या पुढं इजा. मासे नाहीत हे बरंच आहे, पण ०.४८ मुक्त अमोनिया नायट्राइट खाणाऱ्या जिवाणूंनाही सोसत नाही. क्रिप्टची पानं जायलीत त्यात याचाही हात असणार. शिवाय सडकी पानं पुन्हा अमोनियाच देतात, ती कापून बाहेर काढा.

आता पाण्याबद्दल. रोज पाणी बदलायची गरज मासे असलेल्या टँकला. मासे नसतील तर पाण्याऐवजी वेळ खर्च करावा. माझं स्पष्ट मत आहे की मराठवाड्यात प्लँटेड टँक मासे न टाकताच सायकल करावा, आणि नवीन लावणाऱ्यानं तर झाडंही नंतर लावावीत. माती, पाणी, फिल्टर, दिवा पूर्ण बंद. अंधारात शेवाळ येत नाही, अमोनिया थोडा चढला तरी मासे-झाडांचं काही बिघडत नाही, आणि तो व नायट्राइट शून्यावर आले की शेवटी एकदाच पाणी बदलून झाडं लावायची. महिना-दीड महिना जातो, पण बादल्या वाचतात.

तुमची झाडं लागलेली आहेत, म्हणून मधला मार्ग:

एकदाच निम्मं पाणी बदला, पण बोअरचं घालू नका. आरओचा वीस लिटरचा जार आणा (थंड केलेला नको, साधा). माती-दगड वजा जाता तुमच्या टँकमध्ये ४५ लिटरच्या आसपास पाणी असेल, तेव्हा एक जार पुरतो. अमोनिया २ वर येईल, पीएच ७.९ च्या आसपास. पाण्याच्या पृष्ठभागावर टेबलफॅन सोडा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात पंख्यानं पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. मुंबईच्या दमट हवेत इतकं उतरत नाही, आपल्याला तेवढा एक फायदा. या तीन गोष्टींनी मुक्त अमोनिया ०.४८ वरून ०.११ च्या आसपास येतो. एका जारमध्ये.

पंख्यामुळं पाणी भराभर आटेल. आटलेलं पाणी आरओनंच भरा. वाफ होते ती नुसत्या पाण्याची, क्षार खालीच राहतात. वरून बोअरचं ओतत राहिलात तर टीडीएस चढतच जाईल.

काळी_माती (जालना)
सर, लई भारी समजावलं. पण मला एक सांगा, ही ॲक्वासॉइलची पिशवी एवढी महाग काहून घ्यायची? आमच्या शेतातली काळी माती घातली तर? वरून वाळूचा थर.

रसायन_आणि_रस्सा (परभणी)
घालता येते, पण कुठल्या वावरातली ते बघून. कपाशीला युरिया-डीएपी दिलेल्या रानातली घातलीत तर अमोनियाचा खजिनाच उघडाल. बांधावरची, खत न पडलेली घ्या. त्यात पांढरे चुनखडीचे खडे असतात ते चाळून काढा, नाहीतर पाणी आणखी जड होतं. काळ्या मातीचा एक मोठा गुण म्हणजे ती अमोनियम धरून ठेवते आणि मुळांना देते. दोष असा की भिजली की फुगते आणि हात लागला की सगळा टँक चहा. थर इंचभरच ठेवा, वर दीड-दोन इंच धुतलेली जाड वाळू. झाडं उपटायची सवय असेल तर हा उद्योग करू नका.

आणि खरं सांगायचं तर बोअरच्या जड पाण्यात ॲक्वासॉइल घालणं मला तरी पैशाचा अपव्यय वाटतो. ती माती पाण्याचा केएच (अल्कलिनिटी, म्हणजे पीएच घसरू न देणारे क्षार) शोषून पीएच खाली आणते हीच तिची ख्याती. ९०० टीडीएसच्या पाण्यात ती ताकद काही दिवसांत संपते. मांजराकाठ यांचा पीएच ८.२ वर आहे, यातच आलं सगळं.

मांजराकाठ (लातूर)
सर, पिशवीची किंमत आठवून पोटात गोळा आला. असो. उद्या जार आणतो.

बिंदुसरा (बीड)
फिल्टरचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे लाइट जाते ती सांगून जात नाही. हे जिवाणू ऑक्सिजनवर जगतात आणि राहतात फिल्टरच्या स्पंजात. बंद डब्याचा कॅनिस्टर असेल तर आतलं पाणी काही तासांत ऑक्सिजनविना होतं. लाइट आल्यावर तो तसाच चालू केला की ते घाण पाणी टँकमध्ये येतं आणि दुसऱ्या दिवशी अमोनिया वर. जास्त वेळ लाइट गेली तर डबा उघडून आतलं पाणी फेका, मीडिया टँकच्याच पाण्यात हलका खंगाळा, मग चालू करा. स्पंज फिल्टरला बॅटरीवर चालणारा एअर पंप लावला तर हा प्रश्नच येत नाही. मी इन्व्हर्टरवर टीव्ही ठेवलेला नाही, एअर पंप ठेवलाय. घरात यावरून बोलणी खाल्लीत.

गप्पी_गँग (छ. संभाजीनगर)
ताई, बरोबर. आणि स्पंज कधीही नळाखाली धुवायचा नाही. आमच्याकडं जायकवाडीचं पाणी येतं, त्यात क्लोरीन असतं. टाकीत दिवसभर उघडं राहिलं की बहुतेक उडून जातं, पण नळ आल्या आल्या थेट भरलेलं पाणी नको. टँकरच्या पाण्याला तर ब्लीचिंगचा वास येतोच. क्लोरीन मारणारे हायपोचे खडे घरात असू द्या.

मांजराकाठ भाऊ, लातुरात कुणाचा जुना टँक ओळखीत आहे का? त्यांच्या फिल्टरमधला मळका स्पंज आणा, ओल्या कापडात गुंडाळून, त्याच दिवशी. तुमच्या हँगऑनमध्ये ठेवून द्या. बाटलीतल्या जिवाणूंपेक्षा मला याचा भरवसा जास्त. फक्त त्या टँकमध्ये रोगराई नाही ना ते विचारून घ्या.

काळी_माती (जालना)
माझ्याकडं ॲक्वासॉइल नाही, माती तर अजून घालायचीय. साध्या वाळूच्या टँकमध्ये अमोनिया आणायचा कुठून? एक जण म्हणाला मेलेला मासा टाक, दुसरा म्हणाला कोळंबी. घरात कोळंबी सडवली तर आई मला वावरात झोपायला लावील.

रसायन_आणि_रस्सा (परभणी)
कल्हईवाले वापरतात तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइडच. पण बाजारातला खडा किती शुद्ध असेल याची खात्री नाही, म्हणून शाळा-कॉलेजांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानातून प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. छोटी डबी वर्षानुवर्षे पुरते. सोनाराकडून १० ग्रॅम मोजून घ्या आणि एक लिटर आरओच्या पाण्यात विरघळवा. या द्रावणाच्या १ मिलीत १० मिलिग्रॅम असतं. ४५ लिटर पाण्यात २ पीपीएम आणायला २७ मिली पुरे. मेडिकलमधली मोठी सिरिंज घ्या. बाटलीवर ठळक नाव लिहून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

युरिया घालू नका. तो आधी फुटून मग अमोनिया होतो, किती वेळात आणि किती ते हातात राहत नाही. आणि २ पीपीएमच्या वर जायची हौस नको. आपल्या पीएचला ४ म्हणजे काय होतं ते या धाग्यात दिसलंच.

मांजराकाठ (लातूर)
अपडेट देतो. जार घातला, पंखा लावला, गप्पी_गँग भाऊंनी सांगितलं तसा एका ओळखीच्यांकडून स्पंज आणला. हॉर्नवर्ट या पाणवनस्पतीचा गठ्ठाही सोडला. वालिसनेरियाला नवीन पाती फुटायलीत.

आजचे आकडे: अमोनिया ०.५! पण नायट्राइट जांभळं-काळं, चार्टच्या बाहेर. आणि ते तिथंच बसलंय, हलेना. पीएच ७.६ वर आलाय. बरोबर चाललंय का?

रसायन_आणि_रस्सा (परभणी)
उत्तम चाललंय. अमोनिया खाणारे आधी वाढतात, नायट्राइट खाणारे सावकाश. जुन्या पुस्तकांत या दुसऱ्या जिवाणूंचं नाव नायट्रोबॅक्टर दिलेलं असतं, पण १९९८ च्या संशोधनात गोड्या पाण्याच्या टँकमध्ये हे काम नायट्रोस्पायरा करतात असं आढळलं. २०१५ मध्ये तर अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंत सगळं एकटेच करणारे नायट्रोस्पायराही सापडले. आपल्यासाठी एवढंच की हे मंद वाढतात आणि जास्त मुक्त अमोनिया त्यांना चालत नाही. आधी तुमचं नायट्राइट ०.२५ च्या पुढं सरकत नव्हतं आणि आता चार्टबाहेर गेलं, म्हणजे निदान पहिली फळी कामाला लागली.

"हलेना" म्हणता ते किटमुळंही असेल. ५ च्या वर सगळं एकाच रंगाचं दिसतं. पाच आहे की वीस, कळत नाही. एक भाग टँकचं पाणी, नऊ भाग आरओचं, असं मिसळून टेस्ट करा आणि येईल त्या आकड्याला दहानं गुणा. मग खाली येतंय का ते कळेल. अमोनियाच्या नळीचा रंग दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदासमोर वाचा. टँकच्या एलईडीखाली पिवळाही हिरवट दिसतो.

पीएच घसरतोय त्यावर लक्ष ठेवा. जिवाणू अमोनियाचं काम करताना केएच खातात: एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागं सात मिलिग्रॅमहून थोडी जास्त अल्कलिनिटी. तुमच्या निम्म्या बोअरच्या पाण्यात ती भरपूर आहे. नुसत्या आरओवर टँक लावणाऱ्यांचं मात्र इथंच अडतं. केएच संपतो, पीएच ६ कडं जातो आणि जिवाणू जवळजवळ थांबतात. बोअरच्या पाण्याला इतके दिवस शिव्या घातल्या, पण सायकल चालवायला तेच कामाचं. निम्मं-निम्मं हे माझ्या मते आपल्या भागाचं योग्य प्रमाण.

फायटर_फॅन (नांदेड)
घाईत आहे, प्लीज कुणीतरी सांगा. मी मासा आधीच टाकलाय. १५ लिटरचा टँक, एक फायटर, वर येऊन तोंड मारतोय, कल्ले लाल. अमोनिया १, पीएच ८, तापमान ३०. पाणी नळाचं साठवलेलं.

बिंदुसरा (बीड)
फायटर वर येऊन हवा घेतोच, त्याची ती पद्धत. पण लाल कल्ले म्हणजे त्रास आहे. आत्ता निम्मं पाणी बदला, त्याच साठवलेल्या पाण्यानं, तापमान सारखं करून, हळूहळू ओता. उद्या पुन्हा निम्मं. दोन दिवस खायला देऊ नका, उपाशी मरत नाही. हॉर्नवर्ट मिळालं तर सोडा.

रसायन_आणि_रस्सा (परभणी)
ताईंचं बरोबर. तुमचा मुक्त अमोनिया ०.०७५ च्या आसपास आहे, निम्मं बदललं की ०.०४ च्या खाली येईल. पुढं नायट्राइट चढेल तेव्हा दहा लिटरला एक ग्रॅम साधं मीठ घाला. क्लोराइडमुळं नायट्राइट कल्ल्यांतून कमी आत जातं. एवढ्या मिठानं झाडांना काही होत नाही.

यावरून एक गोष्ट सगळ्यांसाठी लिहून ठेवतो, कारण मासे "कारण नसताना" जातात ते बऱ्याचदा असेच. समजा कुणाच्या टँकचा पीएच ६.५ आहे, अमोनिया ३. मासे मजेत, कारण त्या पीएचला मुक्त भाग ०.२% सुद्धा जेमतेम, म्हणजे ०.००६. मालकाला ३ चा आकडा बघून भीती वाटते आणि तो निम्मं पाणी काढून ८.३ पीएचचं बोअरचं ओततो. एकूण अमोनिया दीडवर येतो, पण पीएच ८ ला गेला तर मुक्त भाग ६ टक्के होतो. म्हणजे ०.०९. आकडा अर्धा झाला आणि विष पंधरापट. संध्याकाळी मासे उलटे. दोष मग दुकानदाराला, माशांच्या जातीला, नाहीतर नजरेला. तेव्हा मासे असताना पाणी बदलायचं तर आधी येणाऱ्या पाण्याचा पीएच बघा. टँकचा कमी असेल तर सारखं करून, थोडं थोडं.

कार्बन डायऑक्साइड लावणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. दिवसा गॅसनं पीएच उतरतो, रात्री गॅस बंद झाला की चढतो. टेस्ट सकाळी दिवे लागायच्या आधी करा, खरा धोका तेव्हा कळतो.

फायटर_फॅन (नांदेड)
दोनदा पाणी बदललं. कल्ल्यांचा लालपणा कमी झालाय, हॉर्नवर्टमध्ये लपून बसलाय. धन्यवाद ताई, सर.

काळी_माती (जालना)
हॉर्नवर्ट आमच्या तळ्यात ढिगानं आहे. जलकुंभी बी आहे. आणून टाकू का सरळ?

विष्णुपुरी (नांदेड)
हॉर्नवर्ट आणा, पण लाल औषधाच्या (पोटॅशियम परमँगनेट) फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवून, नीट धुऊन. नाहीतर चतुराची अळी सोबत येते आणि ती छोटे मासे गट्ट करते. जलकुंभी दोन फुटी टँकला झेपत नाही, सगळा उजेड खाते. पिस्टिया किंवा साल्विनिया बरं. वाढलेलं झाड कंपोस्टमध्ये टाका, परत तळ्यात किंवा नदीत नको. गोदावरीत आहे तेवढी जलकुंभी पुष्कळ झाली.

मांजराकाठ (लातूर)
मंडळी, आजचे आकडे: अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट ३०, पीएच ७.७. सरांच्या पद्धतीनं नवसागराचं द्रावण घालून २ पीपीएम केलं होतं, दुसऱ्या दिवशी दोन्ही शून्य. काचेवर तपकिरी शेवाळाचा थर आलाय, पण झाडं जोरात आहेत. दिवा सहा तासच ठेवतो. आता शेवटचा एक जार घालून मासे आणावे म्हणतो. कार्डिनल टेट्रा बघून ठेवलेत.

रसायन_आणि_रस्सा (परभणी)
अभिनंदन. तपकिरी शेवाळ नव्या टँकला येतंच, हातानं पुसा, आपोआप कमी होईल. कार्डिनल मात्र राहू द्या, ते मऊ पाण्याचे. तुमच्या पाण्यात गप्पी, मॉली, प्लॅटी सुखानं राहतील. आधी पाच-सहाच आणा, चिमूटभर खाणं द्या आणि आठवडाभर अमोनिया-नायट्राइट मोजत राहा. शून्यच राहिले तर पुढचे आणा.

गप्पी_गँग (छ. संभाजीनगर)
गप्पी घेताना नर-मादी बघून घ्या. नाहीतर दोन-तीन महिन्यांत तुम्हीच धागा काढाल, "पिल्लं कुणाला हवीत का?"

मांजराकाठ (लातूर)
नरच घेतो मग. काढलेलं पाणी कढीपत्त्याला घातलं होतं, आता आई रोज विचारते, "पाणी कधी बदलणार आहेस?"

काळी_माती (जालना)
तुमच्या वालिसनेरियाला पिलवं फुटली की सांगा भाऊ, पुढच्या महिन्यात लातूरला चक्कर आहे. डबा घेऊनच येतो.

मांजराकाठ (लातूर)
या की. गोगलगायी चिकटलेल्या असतील, त्या फुकट.